पाडताना चुकले की पाडल्यावर बिघडले?

टांकसाळीतील चुकांमुळे निपजलेल्या नाण्यांविषयी या सदरात मागे लिहिले, तेव्हापासून वाचकांकडून आलेल्या पत्रांत आणि छायाचित्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत विचारला गेला आहे: माझ्याकडचे हे विचित्र नाणे खरोखर टांकसाळीची चूक आहे, की कोणी तरी नंतर ते बिघडवले आहे? त्यांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रांतील मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९९० च्या दशकातील दोन रुपयांचे अकरा कोनांचे नाणे आहे. त्याच्या नकाशाच्या बाजूवर नकाशा पुसट दिसतो आणि त्यावरच काही उलटी, खोलगट अक्षरे उमटली आहेत. एका परिचितांनी हे 'ब्रॉकेज' असल्याचे सांगितले. ते खरे आहे का? (एक वाचक, सांगली)

आपल्या वर्णनावरून आणि छायाचित्रावरून हे ब्रॉकेज, म्हणजे ठशाला चिकटून राहिलेल्या आधीच्या नाण्याची उलटी छाप पडलेले नाणे, नाही. याचे कारण नीट समजले, तर पुढे अशी अनेक नाणी आपली आपल्यालाच पारखता येतील, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

नाणे पाडण्यासाठी आधी धातूच्या लांब पट्टीतून गोल किंवा कोनदार कोऱ्या चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात आणि त्यांची कड किंचित उभारतात. मग चकती दोन ठशांच्या मध्ये येते. तिच्याभोवती पोलादी कडे असते, त्याला कॉलर म्हणतात. ठसे एकमेकांवर दाबले गेले की धातू ठशांच्या खोलगट नक्षीत शिरतो, कॉलरमुळे बाहेर पसरू शकत नाही, आणि दोन्ही बाजू व कड एकाच दाबात तयार होतात. टांकसाळीची चूक म्हणजे चकती कापण्यापासून या दाबापर्यंत जे काही चुकले ते. दाब संपून नाणे खाली पडल्यानंतर त्याचे जे काही होते, ते सारे नुकसान, मग ते आपोआप झालेले असो वा मुद्दाम केलेले. म्हणून कोणतेही विचित्र नाणे हाती आले की मी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो असा: यंत्रातील त्या एका दाबात हे घडू शकले असते का?

आता ब्रॉकेज कसे होते ते पाहू. समजा, पाडलेले एक नाणे बाहेर पडण्याऐवजी सिंहमुद्रेच्या ठशाला चिकटून राहिले. त्याची सिंहाची बाजू ठशाकडे आहे आणि नकाशाची बाजू उघडी आहे. पुढची कोरी चकती आली की तिला एका बाजूने नकाशाचा खरा ठसा मिळतो, आणि दुसऱ्या बाजूने ठशाच्या जागी चिकटलेल्या नाण्यावरचा नकाशा दाबला जातो. म्हणजे त्या नाण्याच्या एका बाजूस नकाशा नेहमीसारखा उठावदार असतो आणि दुसऱ्या बाजूसही नकाशाच असतो, पण आरशातल्यासारखा उलटा आणि खोलगट. सिंह त्या नाण्यावर उमटण्याचा प्रश्नच येत नाही, कारण सिंहाच्या ठशाने त्या चकतीला स्पर्शच केलेला नसतो.

आपल्या नाण्यावर मात्र एका बाजूस सिंह पूर्ण आहे, दुसऱ्या बाजूस मूळ नकाशा आहे आणि त्याच्या अंगावर उलटी अक्षरे आहेत. अर्थ सरळ आहे. दोन्ही ठशांनी नाणे आपल्या जागी नीट पाडले, आणि नंतर कोणी तरी ते दुसऱ्या नाण्यावर ठेवून शेगड्यात, म्हणजे कारागिराच्या व्हाइसमध्ये, आवळले किंवा हातोड्याने ठोकले. अशा नाण्यावर आणखी दोन खुणा सापडतात. उठावाचे सर्वांत उंच भाग सपाट होऊन चकाकतात, आणि उलटी अक्षरे फक्त जिथे दोन नाण्यांचे उंच भाग टेकले तिथेच तुटक तुटक उमटलेली असतात. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून सिंहाच्या बाजूची कड पाहावी. तिथेही दाबल्याचा चपटेपणा आढळेल.

एकदा पाडलेले नाणे यंत्रात राहून त्यावर दुसरा दाब पडण्याचे, आणि त्यातून मूळ चित्रावर उलटे चित्र चढण्याचे प्रकार घडतात. पण त्यात धातू पसरलेला असतो, नाणे बहुधा आकाराने मोठे झालेले असते आणि अकरा कोन असे रेखीव राहत नाहीत. मी तरुणपणी असेच शेगड्यात आवळलेले एक नाणे ब्रॉकेज समजून चांगली किंमत देऊन घेतले होते. वर सांगितलेली दोन्ही बाजूंच्या चित्रांची साधी तपासणी तेव्हा मला कोणी शिकवली असती, तर ते पैसे वाचले असते. म्हणूनच या उत्तरावर मी इतकी जागा खर्च केली.

प्रश्न : दहा रुपयांच्या एका नाण्यात मधला पांढरा भाग उलटा बसला आहे. 'भारत' हे नाव ज्या बाजूस आहे, त्या बाजूच्या मध्यभागी सिंहाऐवजी दहाचा आकडा दिसतो. असे नाणे दुर्मीळ असते का? (एक वाचक, रत्नागिरी)

दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे आणि ७.७१ ग्रॅम वजनाचे असते. ते दोन धातूंचे आहे, म्हणून मधली टिकली आणि बाहेरचे कडे स्वतंत्रपणे आपापली चित्रे घेऊन तयार होतात आणि नंतर जोडली जातात, असा समज सर्वत्र आढळतो. तसे होत नाही. कोऱ्या कड्यात कोरी टिकली ठेवतात आणि मग दोन्हींवर एकाच ठशाचा दाब पडतो. त्याच दाबाने टिकली कड्यात घट्ट बसते आणि त्याच दाबाने दोन्हींवर चित्र उमटते. कोरी टिकली उलटी ठेवली काय आणि सुलटी ठेवली काय, तिला बाजूच नसते. म्हणून पाडलेल्या नाण्यात सिंह कड्याच्या चुकीच्या बाजूस येणे टांकसाळीत शक्यच नाही.

आपल्या नाण्यातील टिकली कोणी तरी ठोकून बाहेर काढली आणि उलटी करून परत बसवली आहे. टिकली आणि कडे यांच्या सांध्यावर भिंग धरा. कड्याच्या आतल्या काठावर ओरखडे, टिकलीच्या काठावर ठोकल्याचे बारीक खड्डे, किंवा डिंकाची पिवळसर रेष, यांपैकी काही तरी नक्की दिसेल. टिकली थोडी फिरलेली, म्हणजे सिंह तिरका आणि 'भारत' सरळ, अशी नाणीही मला पाठवली जातात. तेही याच कारणाने टांकसाळीचे नव्हे.

दोन धातूंच्या नाण्यातही खऱ्या चुका होतात. टिकली कड्यात नीट न बसता एका बाजूला सरकलेली असताना दाब पडला, तर टिकलीची सीमा वेडीवाकडी होते, पण तिच्यावरून जाणारे चित्र मात्र अखंड राहते. टिकलीच नसताना कडे पाडले गेले, तर मधल्या भोकाचा काठ दाबामुळे आत सरकून ओबडधोबड होतो. पाडलेल्या नाण्यातून टिकली काढून टाकली असेल, तर भोक गोल आणि रेखीव असते. एवढा फरक नुसत्या डोळ्यांनाही कळतो.

याच नाण्याविषयी आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. दहाच्या आकड्याभोवती काही नाण्यांवर दहा, तर काहींवर पंधरा रेषा आहेत, म्हणून एक प्रकार खोटा आहे, अशी अफवा बाजारात बराच काळ होती. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये दहा रुपयांच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने वैध असल्याचे जाहीर केले होते.

प्रश्न : एक रुपयाच्या नाण्यावर वर्षाच्या खाली एक गोल ठिपका आहे. ही ठशातील चूक आहे का? (एक वाचक, नागपूर)

नाही. ती नोएडाच्या टांकसाळीची खूण आहे. मुंबईची खूण चौकट, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, हैदराबादची चांदणी, आणि कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते. क्वचित वेगळे अक्षरही आढळते. उदाहरणार्थ, १९८५ च्या काही एक रुपयाच्या नाण्यांवर रोमन लिपीतील 'एच' हे अक्षर आहे. ती नाणी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडून घेतलेली आहेत.

प्रश्न : स्टीलच्या एक रुपयाच्या नाण्याचा एका बाजूचा चंद्रकोरीएवढा तुकडा नाही. तो टांकसाळीतच गेला की कोणी कापला, हे कसे ओळखावे? (एक वाचक, लातूर)

चुकांच्या साऱ्या प्रकारांत हा प्रकार मला सर्वांत प्रिय आहे, कारण यात नाणे स्वतःच आपली हकीकत सांगते.

पट्टीतून चकत्या कापताना पट्टी प्रत्येक वेळी ठरावीक अंतर पुढे सरकावी लागते. ती पुरेशी सरकली नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकावर थोडी चढते आणि तिचा चंद्रकोरीसारखा भाग कमी पडतो. त्या कोरीची वक्रता नाण्याच्या स्वतःच्या वक्रतेशी जुळते, कारण दोन्ही एकाच मापाच्या कातरण्याने कापले गेलेले असतात. पट्टीच्या टोकाशी चकती कापली गेली, तर कोरीऐवजी सरळ काप येतो.

आता खरी गंमत पुढे आहे. चकतीची कड उभारणारे यंत्र तिला दोन्ही बाजूंनी दाबत फिरवते. जिथे तुकडा गेलेला असतो, तिथे यंत्राला टेकायला काही सापडत नाही, त्यामुळे तिच्या बरोबर समोरच्या बाजूसही दाब पडत नाही. परिणामी तुकडा गेलेल्या जागेच्या ठीक समोर नाण्याची कड पुसट किंवा सपाट राहते. करवतीने किंवा कानशीने नंतर कापणाऱ्या माणसाला समोरची कड अशी पुसट करणे सहसा सुचत नाही, आणि सुचले तरी घासल्याच्या खुणा राहतात. कोरीजवळची अक्षरेही पाहावीत. खऱ्या चुकीत ती कापाकडे जाताना विरत जातात, जरा ताणल्यासारखी दिसतात, कारण दाबाच्या वेळी धातूला तिकडे मोकळी जागा मिळालेली असते. नंतर कापलेल्या नाण्यावर अक्षर अगदी काठापर्यंत ठसठशीत असते आणि तिथे ते सुरीने कापल्यासारखे थांबते.

हे लिहिताना माझ्यासमोर असेच एक खरे नाणे ठेवले आहे. १९९२ ते २००४ या काळातील स्टीलच्या एक रुपयाचे ठरलेले वजन ४.८५ ग्रॅम, हे नाणे सराफी वजनकाट्यावर ४.४१ ग्रॅम भरते. कोर डावीकडे खाली आहे. उजवीकडे वर, तिच्या अचूक समोर, कडेची उभार जवळपास एक बोटभर लांबीत नाहीशी झाली आहे, आणि तिथे बोट फिरवले की नाणे गुळगुळीत लागते. कोरीच्या भिंतीवर कानशीच्या रेघा नाहीत. आपले नाणे या चारही कसोट्यांवर तपासून पाहावे. समोरची कड पुसट नसली, तर माझे मत ते नुकसान समजावे असेच राहील.

प्रश्न : आमच्या घरात जुन्या शिवराया आहेत. एकीवर 'श्री राजा शिव' मधील 'श्री' पूर्ण नाही, आणि मागे 'छत्र पति' मधील फक्त 'छत्र' दिसते. ही टांकसाळीची चूक समजावी का? (एक वाचक, सातारा)

शिवराई हाताने ठोकून पाडलेली असे. खालचा ठसा पक्का बसवलेला, त्यावर तांब्याची चकती, वरचा ठसा हातात आणि त्यावर हातोडा. कॉलर नाही. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे संपूर्ण मजकूर एका नाण्यावर मावणे हाच अपवाद, आणि 'श्री' किंवा 'पति' बाहेर राहणे हाच नित्यक्रम. यंत्राच्या नाण्यावर जे पाहून आपण चूक म्हणतो, तेच हाताच्या नाण्यावर त्या काळची रीत असते. आपल्या शिवराया सरकलेल्या आहेत म्हणून मौल्यवान नाहीत, आणि म्हणून कमी मोलाच्याही नाहीत. संग्राहक पाहतात ते अक्षरांचे वळण, मजकूर लिहिण्याची पद्धत आणि नाण्याची स्थिती. मुंबईच्या टांकसाळीत एकोणिसाव्या शतकात वाफेच्या यंत्रांवर नाणी पाडली जाऊ लागली आणि १८३५ पासून कंपनी सरकारचा एकसारखा रुपया निघाला, तिथपासूनच नाणे मध्यावर असणे ही अपेक्षा रूढ झाली.

जुन्या चांदीच्या रुपयांवर छोटे ठोके, चंद्रकोरी किंवा फुले ठोकलेली दिसतात, त्यांविषयीही पुष्कळांनी विचारले आहे. त्या सराफांच्या पारखीच्या खुणा आहेत. टांकसाळीबाहेर झालेल्या असल्याने काटेकोर अर्थाने ते नुकसानच. पण रुपया कोणकोणत्या हातांतून, कोणत्या पेढ्यांवरून फिरला याची ती साक्ष असते, आणि मला स्वतःला अशी नाणी कोऱ्या नाण्यांइतकीच जिव्हाळ्याची वाटतात.

प्रश्न : पन्नास पैशांच्या स्टीलच्या नाण्यावर सिंहाच्या डोक्यावरून एक बारीक रेष गेली आहे, आणि अक्षरेही दुहेरी दिसतात. यांपैकी काय खरे? (एक वाचक, बडोदे)

रेषेसाठी नखाची कसोटी पुरते. ठशाला तडा गेला, तर दाबाच्या वेळी धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर रेष उठावदार येते. नंतर पडलेला ओरखडा खोलगट असतो, आणि त्याच्या दोन्ही काठांवर सारलेल्या धातूचा बारीक वरंबा असतो. आपली रेष नखाला लागते आणि ती कडेपासून निघून अक्षरावरून सिंहापर्यंत अखंड जाते असे आपण लिहिता, तेव्हा ती ठशाच्या तड्याचीच असावी. त्याच ठशाची इतर नाणीही मिळाल्यास पाहावीत. तडा वाढत जातो, आणि शेवटी ठशाचा कडेचा तुकडा निखळला, तर नाण्यावर तिथे चित्राऐवजी धातूचा नुसता उंचवटा येतो.

दुहेरी अक्षरांची बाब नाजूक आहे. ठसा यंत्रात सैल असला, तर दाबानंतर तो किंचित घसरतो आणि अक्षराच्या एका अंगाला घासून सपाट पायरी करतो. मूळ अक्षर त्यामुळे बारीक होते. असे घसरणे अगदी नित्याचे आहे आणि संग्राहक त्याला वेगळी किंमत देत नाहीत. ठसा तयार होतानाच त्यावर चित्र दोनदा बसले असेल, तर दोन्ही अक्षरे सारखीच गोलसर उठावाची असतात, अक्षर एकूण जाड दिसते आणि त्याच्या कोपऱ्यांत खाच दिसते. आपल्या छायाचित्रात सपाट पायरी स्पष्ट आहे. म्हणून रेष खरी आणि दुहेरीपणा घसरण्याचा, असे माझे मत आहे.

प्रश्न : पिवळ्या रंगाचा स्टीलचा रुपया आणि कलशातून निघालेले डागाळलेले पैसे यांना मोठी किंमत येते असे एका जाहिरातीत वाचले. फोन केला तेव्हा आधी नोंदणीचे पैसे भरा असे सांगण्यात आले. काय करावे? (एक वाचक, पुणे)

पैसे मुळीच भरू नयेत. जुनी नाणी व नोटा विकत घेण्याच्या नावाखाली, रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून, शुल्क किंवा दलाली उकळणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. बँक असा कोणताही व्यवहार करत नाही आणि असे शुल्कही घेत नाही. नाणे घेणारा पैसे देतो. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा माणूस नाण्याचा गिऱ्हाईक नसतो.

पिवळ्या रुपयासाठी साधे लोहचुंबक घ्यावे. स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो. आपला पिवळा रुपयाही चिकटला आणि वजन नेहमीएवढेच भरले, तर त्यावर नंतर मुलामा चढवला आहे असे समजावे. न चिकटला, तर मात्र तो दुसऱ्याच धातूच्या चकतीवर पाडला गेला असण्याची शक्यता उरते, आणि तेव्हा जाणत्या नाणकतज्ज्ञाला तो प्रत्यक्ष दाखवणे योग्य ठरेल. काळ्या पडलेल्या, आगीतून निघालेल्या, रुळावर चपट्या झालेल्या किंवा तेजाबात झिजून पातळ झालेल्या नाण्यांना संग्राहकांच्या लेखी दर्शनी किमतीपलीकडे काही मोल नसते.

कलशातील तांब्याचे पैसे हळदीकुंकवाने आणि पाण्याने डागाळतात, हे साहजिक आहे. ते चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नयेत. घासल्याने वरचा सूक्ष्म थर जातो, अक्षरांभोवती बारीक रेघा पडतात आणि उद्या त्यांतले एखादे नाणे खरोखर वेगळे निघाले, तरी त्याची तपासणी करणे अवघड होऊन बसते. कोमट पाण्यात भिजवून, मऊ कापडाने न घासता टिपून, कागदाच्या पाकिटात ठेवावेत आणि पाकिटावर ते कुठून व केव्हा मिळाले याची नोंद करावी.